दिसलं एवढंच लिही

प्रिय भिंगरी,

हे नाव बाबांनी ठेवलेलं आणि हाकही त्यांनीच मारायची. मी तुला 'कार्टे' म्हणायचे, नाहीतर नुसतं 'अगं'. पण पत्राला 'प्रिय अगं' अशी सुरुवात करता येत नाही, म्हणून आज त्यांचं नाव वापरतेय. अक्षर बघताच तू ओळखलं असशील. चौथीत शाळा सुटली तेव्हा जसं होतं तसंच आहे, ओळ उजवीकडे वर चढत जाते. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड. मला गोडगोड लिहिता येत नाही आणि तुला गोडगोड चालत नाही, तेवढं एक आपलं अजून जुळत असेल असं धरून चालते.

दुकान चालू आहे. शेजारचा चावीवाला गेला, त्याच्या जागी मोबाईलच्या काचा बदलणारा आलाय. दिवसभर गाणी लावतो, मी जाऊन दम देऊन आले, आता हळू लावतो. नवे कपडे कुणी शिवून घेत नाही. तयार आणतात आणि अंगाला बसले नाहीत की माझ्याकडे येतात. पँट आखूड करा, चेन बदला, कंबर सैल करा. कमरा सगळ्यांच्याच वाढल्यात, त्यावर माझं चाललंय. गुडघा दुखतो, मापं घ्यायला खाली बसले की उठताना टेबल धरावं लागतं. तुझी खोली तू सोडलीस तशी ठेवलेली नाही. असले लाड मला जमत नाहीत. तिथे आता द्यायच्या कपड्यांचे गठ्ठे असतात. फक्त तुझं टेबल आणि त्यावरचा कॉम्प्युटर हलवला नाही, कारण तो जड आहे. निदान मी लोकांना तसं सांगते.

आता मुद्द्यावर येते. एक चष्मेवाली मुलगी पँट घेऊन दुकानात आली. पहिल्या नोकरीसाठी घेतलेली, पाय इतके लांब की आत अजून एक माणूस उभा राहील. मी तिच्या पायाशी बसून खडूनं खुणा करत होते, तोंडात टाचण्या, आणि ही एका जागी उभी राहील तर शपथ. मध्येच म्हणाली, काकू, आजच हवी आहे, नुसती वरवर टीप मारून दिलीत तरी चालेल. मी टाचण्या काढून तिला झापणार, तेवढ्यात तीच म्हणाली, नाही, नको, आमच्या ताई म्हणतात धागा बांधल्याशिवाय कात्री लावायची नाही, नाहीतर एका धुण्यात सगळी शिवण परत येते. भिंगरी, शिवण उसवते असं सगळे म्हणतात. 'परत येते' असं जगात एकच बाई म्हणते आणि ती तेव्हा टाचण्या तोंडात धरून जमिनीवर बसली होती. त्या टाचण्या मी गिळल्या नाहीत एवढंच.

विचारलं, कोण गं तुझी ताई, शिंपीण आहे का. ती हसली. म्हणाली, वेबसाईट बनवायला शिकवतात, ज्यांना काहीच येत नाही त्यांना, तेही फुकट. ऑनलाईन ग्रुप आहे, कुणी कुणाला बघितलेलं नाही, रविवारी दुपारी ताई बोलतात आणि बाकीचे ऐकतात. पान बनवताना खुणेचे शब्द असतात, टॅग म्हणतात त्यांना, एक उघडला की बंद करावा लागतो. पोरं विसरतात आणि खालचं सगळं पान विस्कटतं. तेव्हा ताई हे धाग्याचं सांगतात. मी पुढचं ऐकलं नाही. माझ्या मशीनशेजारी बसून गृहपाठ करणारी तू मला दिसत होतीस, आणि मी तुझ्या डोक्यावरून गिऱ्हाइकांना तेच वाक्य ऐकवत होते. मला वाटायचं तू ऐकतच नाहीस. त्या पोरीची पँट मी तासाभरात करून दिली आणि तिला म्हटलं, मलाही त्या ग्रुपात घाल. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पायलट व्हायचं म्हणाले असते तरी एवढं बघितलं नसतं. पण पोरगी चांगली. दुकान बंद झाल्यावर घरी आली, कॉम्प्युटरवरची धूळ पुसली, सगळं जोडून दिलं.

ग्रुपात नाव काय घालायचं म्हणाली. समोर दोऱ्याचं रीळ होतं, म्हटलं दोरा घाल. ओळख लिहायची असते, तर लिहिलं, वय जास्त, शिक्षण कमी, माईक खराब. माईक चांगला होता. पण मी तोंड उघडलं असतं तर पहिल्याच शब्दाला तू मला बाहेर काढलं असतंस. तू लगेच उत्तर दिलंस, या दोराकाकू, वय आणि शिक्षण इथे कुणी विचारत नाही, माईकचंही काही अडत नाही. पोटच्या पोरीनं मला काकू केलं. आणि मी काय लिहिलं, तर, बरं ताई. लिहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन गार पाणी प्यायले.

मग रविवार आला आणि हेडफोनमधून तुझा आवाज. किती दिवसांनी. तू काय शिकवलंस ते मी ऐकलंच नाही पहिल्या दिवशी, नुसता आवाज ऐकला. सर्दी झाली होती तुला. तुला सर्दी झाली की तू 'म' नीट म्हणत नाहीस, लहानपणापासून. माझ्या हातांना सुंठ कुटावीशी वाटली, आणि समोर नुसती काच. पुढच्या वेळेपासून मात्र नीट ऐकायला लागले. आणि मला आश्चर्य वाटलं ते वेगळंच. तू चिडत नव्हतीस. एक निवृत्त ड्रायव्हर आहेत ना, सगळं मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिणारे, त्यांनी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, तरी तू दर वेळी तेच तीन प्रश्न तितक्याच शांतपणे विचारलेस. काय लिहिलंत, काय व्हायला हवं होतं, आणि काय झालं. उत्तर तू कधी देत नाहीस. माणूस त्या तिन्हींची उत्तरं देता देता स्वतःच म्हणतो, अरे हो. मी इथे बसून विचार करत होते की हा शांतपणा हिनं कुणाकडून घेतला. माझ्याकडून तर नाही. मी तुला शिवण शिकवायला बसले तेव्हा दुसऱ्याच टाक्याला कापड हातातून ओढून घेतलं होतं, तू ते कुठेतरी सांगितलंही असशील. बाबांकडून घेतलास. दुकानांच्या पाट्या रंगवताना एका वेलांटीसाठी शिडीवर अर्धा दिवस उभे राहायचे ते.

मी शिकले, बरं का. इंग्रजी अक्षरं मला कपड्यांच्या लेबलांवरून येत होतीच, मोठी येत होती, लहान शिकले. ते टोकदार कंस सापडायला वेळ लागला. सापडले तेव्हा मला ते कॉलरच्या दोन टोकांसारखे वाटले, मग नाही विसरले. पहिलं पान केलं, त्यात एकच शब्द, नमस्कार, मोठ्या अक्षरात. ग्रुपात चढवलं. तुमच्या ग्रुपाची ती रीत मला ठाऊक नव्हती. कुणीही पान चढवलं की बाकीच्यांनी उघडायचं आणि खाली फक्त 'दिसलं' असं लिहायचं, छान नाही, वाईट नाही. चूक कुणी काढायची नाही, ती ताई रविवारी मोठ्यानं वाचून काढतील. मी पान चढवलं आणि कॉम्प्युटरसमोर बसून राहिले. एकानं लिहिलं दिसलं. मग दुसरीनं. ड्रायव्हरसाहेबांनी लिहिलं, इतक्या मोठ्या अक्षरात की मला ऐकू आलं. आणि सगळ्यात शेवटी तू, दिसलं काकू. माझा नमस्कार तू घेतलास. तुला माहीत नसताना का होईना.

त्यानंतर मी जरा शेफारले. कुणीतरी विचारत होतं, पानावरचं बटण लाल करू की निळं. मी लिहिलं, रंग मागाहून बघा, आधी बटण लागतंय का ते बघा, उघडं फिरायची पाळी येईल. तू हसलीस. माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. घरात तू अशी हसायचीस ती बाबांच्या चेष्टेला, माझ्या बोलण्यावर हसलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी चुकून एका गिऱ्हाइकाच्या पँटला दोन्ही पाय डावेच केले असते, इतकं डोकं जागेवर नव्हतं. तू म्हणायचीस, काकू, तुम्ही घाई करता, हळू घ्या, पान कुठे पळून जात नाही. मी खरंच हळू घ्यायला लागले. दुकानात लोकांना वाटलं माझी तब्येत बरी नाही.

तेव्हाच थांबायला हवं होतं. कुणी म्हणेल, सरळ फोन का नाही केलास. तुझा नंबर बदललेला. आणि नंबर असता तरी मी काय बोलणार होते. बाबांची राख अजून घरात होती आणि तू बॅग घेऊन दारात उभी राहून म्हणाली होतीस, 'तू मला बाबा बघू दिले नाहीस. रोज संध्याकाळी मी हॉस्टेलवरून फोन करायचे आणि रोज तू सांगायचीस, झोपलेत, बरे आहेत, तू अभ्यास कर. ते तिकडे मरत होते आणि तू मला अभ्यास करायला सांगत होतीस. तुला कपडे वेळेवर द्यायचे कळतात, माणूस नाही कळत.' एवढं बोलून गेलीस. शेवटचा पेपर देऊन तू धावत आलीस तेव्हा घरात नुसती रिकामी खाट होती, गादी मी उन्हात टाकली होती. त्या गादीकडे तू जशी बघत राहिलीस ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी तेव्हा एक शब्द बोलले नाही. तुला वाटलं, हिला काही वाटतच नाही.

मग तू वर्गाला ते काम दिलंस. ज्या माणसाबद्दल तुम्हाला दुसऱ्यांना सांगावंसं वाटतं त्याचं पान करा, चार ओळी आणि एक चित्र. दुसरी कुणी शहाणी असती तर तिनं मोबाईलवाल्याचं पान केलं असतं. मी बाबांचं केलं. मुद्दाम केलं. त्यांचा एक फोटो माझ्या फोनमध्ये होता, शेवटच्या दिवसांतला, तू न बघितलेला. मी मनात असं ठरवलं की तू पान उघडशील, आधी तुला त्यांचा चेहरा दिसेल, आणि मग तुला माझा राग येईल. राग येणार हे धरलेलंच होतं. पण चेहरा आधी बघून झालेला असेल. चार ओळी लिहिल्या, नाव न घालता. हे पाट्या रंगवायचे. यांना वेलांटी वाकडी झालेली खपायची नाही. यांना दम लागायचा तरी शिडीवर चढायचे. हे आमच्या घरचे होते. चित्र लावायला मात्र घाम फुटला. फोटो कॉम्प्युटरवर घेतला, उघडला, वरच्या पट्टीत त्याचा लांबलचक पत्ता आला, तो एकेक अक्षर बघून जसाच्या तसा माझ्या पानात उतरवला. पान उघडलं आणि बाबा समोर. मी त्यांना म्हटलं, बसा आता इथे, लेक येईल. पान ग्रुपात चढवलं. एकामागून एक 'दिसलं' आलं. मला वाटलं सगळ्यांनी बाबांना बघितलं. त्या दिवशी मी मोबाईलवाल्याला गाणी मोठ्यानं लावू दिली.

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून हेडफोन लावून बसले. तू एकेकाचं पान उघडून वाचत होतीस. आता दोराकाकूंचं, म्हणालीस. शीर्षक नीट आहे. चार ओळी वाचल्यास, आणि वाचता वाचता तुझा आवाज हळू झाला, पण तू पुढे गेलीस. मग म्हणालीस, चित्राच्या जागी रिकामी चौकट दिसतेय, काकू, चित्र आलेलं नाही, बघूया काय लिहिलंत. मी समोर बघितलं, माझ्यासमोर तर बाबा बसलेले. मला काही समजेना. तू तुझ्या सवयीप्रमाणे ती ओळ मोठ्यानं वाचायला लागलीस, अक्षर अक्षर फोड करून, म्हणजे सगळ्यांना चूक सापडावी. त्या पत्त्यात आपल्या कॉम्प्युटरमधल्या फोल्डरचं नाव होतं. तो जुना कॉम्प्युटर आणला त्या दिवशी बाबांनी ते नाव दिलं होतं, एका बोटानं, एकेक अक्षर शोधत. मी उतरवताना ते नाव आहे हे बघितलंसुद्धा नाही, नुसती अक्षरं बघितली. तू वाचलंस, भिंगरी. आणि थांबलीस. ड्रायव्हरसाहेबांनी लिहिलं, ताई आवाज येत नाही. मग तू म्हणालीस, मंडळी, आज इथेच थांबू. सर्दी नव्हती, तरी तुझा 'म' नीट आला नाही.

त्यानंतर तू आली नाहीस. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. पोरं लिहितात, ताई कुठे आहेत, बरं नाही का. एकीचं पान अर्धं उसवलेलं पडलंय, तिनं टॅग बंद केलेला नाही आणि तिला कुणी धाग्याचं सांगत नाही. शेवटी चष्मेवाली दुकानात आली. मी तिला सगळं सांगितलं, मी तुझी कोण ते. ती शिवायच्या स्टुलावर बसली, तिचा चष्मा ओला झाला. मी म्हटलं, रडून झालं असेल तर मला आधी हे सांग की माझ्या समोर दिसतो तो फोटो तिला का दिसला नाही. तिनं समजावलं. काकू, पानात फोटो नसतो, फोटो कुठे ठेवलाय एवढाच पत्ता असतो. तुम्ही पत्ता दिलात तो तुमच्या घरातल्या कपाटाचा. तुम्ही उघडलं की तुमचं कपाट उघडतं, फोटो असतो. बाकीचे उघडतात तेव्हा त्यांच्या घरी ते कपाटच नाही. म्हणून फोटो फक्त तुम्हालाच दिसतो. नवशिक्या सगळ्यांची ही चूक होते, ताईंनी कितीदा सांगितलंय. सांगितलं असशील. मी त्या दिवशी तुझा आवाज ऐकत असेन.

ती गेल्यावर मी तुझे तीन प्रश्न स्वतःला विचारले. काय लिहिलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. लिहिला आपल्या घरचा पत्ता. व्हायला हवं होतं की तू बाबांना बघावंस. झालं असं की मी पुन्हा एकदा बाबांसमोर बसले आणि तुला रिकामी जागा दाखवली. पहिल्यांदा खाट, आता चौकट. तुला वाटलं असेल, आईनं मुद्दाम केलं. मुद्दाम मी एवढं वाईट करू शकत नाही गं, मला तेवढा कॉम्प्युटर येत नाही.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. चष्मेवालीनं शिकवलं तसं मी चित्र उचलून पानाच्या शेजारी ठेवलं आणि पुन्हा चढवलं. मग तिच्या फोनवर उघडायला लावलं, आपल्या घराबाहेर, रस्त्यावर उभं राहून. दिसले. दुसऱ्या कुणाच्या हातात बाबा दिसले. आता तुलाही दिसतील, कुठूनही. खाटेवर उशीला टेकून बसलेत, गालफडं बसलीत, पण हसतायत. मांडीवर फळीचा तुकडा आहे, त्यावर त्यांनी पडल्या पडल्या रंगवलंय, शेवटची पाटी, 'भिंगरीची परीक्षा चालू आहे, कुणी आवाज करू नये'. ती त्यांनी खाटेला अडकवायला लावली होती आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले होते, ही नोटीस तुझ्यासाठी आहे, पेपर संपेपर्यंत तिला काही बोलायचं नाही, मी थांबतो. थांबतो म्हणाले आणि थांबले नाहीत. हे मी सफाई म्हणून सांगत नाही. सफाई द्यायची असती तर त्याच दिवशी दारात दिली असती. पण तेव्हा तुला कुणावर तरी रागवायचं होतं आणि गेलेल्या माणसावर रागावलं तर तो राग आयुष्यभर पुरतो. म्हटलं, माझ्यावर रागव, मी टिकाऊ कापड आहे. आता मात्र त्या पोरांचं नुकसान होतंय, ते मला बघवत नाही. म्हणून मी ग्रुपातून बाहेर पडतेय. चष्मेवाली हे पत्र टाकून येईल त्याच दिवशी ती 'दोरा' हे नाव काढून टाकेल. नोकरी लागल्यावर तू तिला पुस्तक पाठवलंस त्यावरचा तुझा पत्ता तिच्याकडे आहे, मी तो बघितलेला नाही, पाकिटावर तीच लिहील. तू रविवारी जा, ती अर्धी शिवण बांधून दे, ड्रायव्हरसाहेबांना लहान अक्षरं शिकव. मी ऐकत नसेन, तेवढं निश्चिंतपणे बोल. सर्दी झाली तर वाफ घे. आणि आधी एकदा ते पान उघड. बघून झालं की तुमच्या रीतीप्रमाणे खाली 'दिसलं' एवढंच लिही. मला ते कळणार नाही, मी तिथे नसेन. तरी लिही.

तुझीच आई,
जी काही रविवार तुझी काकू होती